माती बसवून घ्यावी

११ सप्टेंबर

मामा,

हे पत्र माफीचं नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मामीनं "बघा, भाचा वळला" म्हणत डोळे पुसायला नकोत. फोन केला की तू कापतोस. कागद कापता येत नाही. फार तर फाडशील, पण त्याआधी मामी वाचून काढेल.

मामी, मोठ्यानं वाच. तो भिंतीकडे तोंड करून बसला असेल तर भिंतीलासुद्धा ऐकू जाईल असं वाच. आणि मधलं काही गाळू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

दोन वर्षं झाली. त्या दिवशी तुझ्या कामावर तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं, डांबराचा थर किती? मी म्हणालो, दोन बोटं. कारण दोनच बोटं होती. कागदावर चार होती. तुझी मुकादमी गेली, तुला घरी बसवलं, आणि तू मला दाराबाहेर काढलंस. आज परत कोणी विचारलं तरी मी दोनच बोटं सांगेन. हे एवढं लिहून टाकलं, आता बरं वाटतंय.

इथे मी रस्त्याच्याच कामावर आहे. पण मामा, तू बघशील तर कपाळावर हात मारशील. आम्ही रस्ता करत नाही, रस्ता कमी करतो! चांगला रुंद, चार गाड्या शेजारी शेजारी धावतील असा काळाकुळकुळीत रस्ता होता, दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. त्यातला निम्मा आम्ही उखडला. आता गाड्यांना मधला भाग, बसला वेगळी वाट, सायकलला वेगळी पट्टी, चालणाऱ्यांना ऐसपैस फरसबंदी आणि त्या सगळ्याच्या मधून झाडं. अठ्ठेचाळीस झाडं, माझ्यापेक्षा हातभर उंच. गेल्या आठवड्यात लावून संपली.

हे सगळं ज्यांनी आखलं त्या बागखात्याच्या बाई आहेत. आम्ही त्यांना झाडबाई म्हणतो, तोंडावर नुसतं बाई. उन्हाळ्यात दुपारी त्यांनी उष्णता मोजायचं एक पिस्तुलासारखं यंत्र डांबरावर रोखलं. आकडा आला अठ्ठावन्न. मग कोपऱ्यावर एकच जुनं झाड उरलंय, त्याच्या सावलीत रोखलं. चौतीस. म्हणाल्या, "बसची वाट बघणारी माणसं अठ्ठावन्नात उभी असतात. आपण त्यांना चौतीसमध्ये आणायचं." मला पटलं. माझे बूट डांबराला चिकटून तळ सुटलाय, मला नाही पटणार तर कोणाला?

आणखी एक गंमत. रस्त्याच्या कडेच्या दगडांना आम्ही खाचा मारतो. कशासाठी? तर पावसाचं पाणी रस्त्यावरून झाडाच्या खड्ड्यात शिरावं म्हणून. जन्मभर तू आम्हाला शिकवलंस की पाणी म्हणजे डांबराचा वैरी, त्याला हाकला. इथे त्याला आमंत्रण देतात. ऐकलंस? हस आता.

तुझा भाचा


२९ सप्टेंबर

मामा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. मी लिहिणार. माझ्याकडे कागद पुष्कळ आहे.

इथे आता भांडण पेटलंय. रस्त्यावर एक गाद्यांचं मोठं दुकान आहे, त्याचा मालक सगळ्या दुकानदारांचा पुढारी. रोज दहा वाजता दारात येऊन उभा राहतो आणि आम्हाला ऐकवतो.

काल म्हणाला, "अरे, गादी घेतल्यावर गिऱ्हाइकानं ती डोक्यावर घेऊन जायची का सायकलवर? गाडी लावायला जागा नको?"

मी म्हणालो, "तुमच्या दारात पूर्वी पाच गाड्या लागायच्या. त्यातल्या तीन तुमच्याच घरच्या होत्या. मी रोज त्यांच्या खाली झाडून घ्यायचो."

आमचा लंबू एवढा हसला की त्याच्या हातातलं घमेलं सांडलं. लंबू म्हणजे माझा जोडीदार, धुम्मसाचं, म्हणजे खडी-माती ठोकायचं यंत्र चालवतो. ते यंत्र उड्या मारतं म्हणून आम्ही त्याला बेडूक म्हणतो.

पण गादीवाल्याच्या हातात आता एक कोलीत आलंय. झाडं पिवळी पडायला लागलीत. सगळी नाहीत, पण निम्म्याहून जास्त. रोज पाणी घालतो, कमी नाही पडत. उलट खड्ड्यात पाणी तसंच दिसतं, दोन दोन दिवस. त्यात डास झाले. गादीवाल्यानं पाण्याचा फोटो काढून मोठा करून दुकानाच्या काचेवर लावलाय: "हीच का तुमची हिरवाई?" वीस दिवसांनी कचेरीची समिती बघायला येणार होती, ती आता बारा तारखेलाच येणार म्हणे. झाडं जगत नाहीत असं त्यांचं मत पडलं तर पुन्हा डांबर, पुन्हा गाड्या. पुढच्या टप्प्याचं कामही बंद.

रोपंच खराब असणार. रोपवाटिकेवाला म्हातारा आहे, त्यानं मुळांना ओलं गोणपाट गुंडाळून आणली होती खरी, पण म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं. आमचा ठेकेदारही तेच म्हणतो. बाई दुसऱ्या रस्त्यावर अडकल्यात, आल्या की बघतील.

मी माझं काम कागदाबरहुकूम केलंय. माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही.

मामी, हे शेवटचं वाक्य दोनदा वाच.

तुझा भाचा


६ ऑक्टोबर

मामा,

मामीचं कार्ड मिळालं. तिच्या चार ओळी, तब्येत, गुडघा, शेजारीण. आणि खाली तुझे दोन शब्द, तिनं अवतरणात घातलेले: "ठोकलंस काय?"

दोन वर्षांत तू माझ्याशी पहिल्यांदा बोललास आणि तेही दोन शब्द, आणि तेही असे की माझ्या हातातला घास हातातच राहिला. तुला तिथे भिंतीकडे बघत बसून कसं कळलं? मी तर फक्त पाणी साचतं एवढं लिहिलं होतं.

हो. ठोकलं.

सांगतो. बाईंनी खड्डे भरायचा कागद पाठवला होता. त्या आठवडाभर नव्हत्या, म्हणून कागद. आमच्या टोळीत वाचणारा मी एकटा. सहावीतून शाळा सोडली तरी तुझी हजेरी मीच लिहायचो, विसरला नसशील. कागदावर होतं: खाली खडीचा थर, वर माती चार थरांत, प्रत्येक थर भरल्यावर माती बसवून घ्यावी.

लंबूनं विचारलं, "बसवून घ्यावी म्हणजे?"

मी म्हणालो, "मूर्खा, रस्त्यावर आयुष्य गेलं तुझं. बसवणे म्हणजे काय? बेडूक आण."

मामा, तूच सांग, आपल्यात बसवणे म्हणजे दुसरं काय असतं? भराव बसवला, खडी बसवली, माती बसवली. तू टाच मारून बघायचास, टाच रुतली की शिवी. मी अठ्ठेचाळीस खड्ड्यांत दर थराला बेडूक नाचवला. मग मधे मुळांच्या गोळ्यापुरतं उकरून झाड ठेवलं आणि कडेनं हातधुम्मसानं पुन्हा ठोकलं. वर पालापाचोळा पसरला. इतकं नेटकं काम मी उभ्या जन्मात केलं नव्हतं. तुला दाखवावं असं वाटलं होतं.

तुझे दोन शब्द आले त्या सकाळी एका मेलेल्या झाडाशी गेलो आणि पहार घातली. माती ढेकळांनी निघाली नाही. पापुद्र्यांनी निघाली, विटेसारखी. एका पापुद्र्यावर बेडकाच्या तळव्याचा ठसा जसाच्या तसा. आत मुळं काळी पडून कुजलेली, बाहेर एक बोटभरसुद्धा गेलेली नाहीत. आम्ही झाडं लावली नव्हती. आम्ही झाडं हौदात उभी केली होती.

बाई दुपारी आल्या. त्यांना तो पापुद्रा दाखवला. त्यांनी तो नखानं टोकरून बघितला. म्हणाल्या, "बसवून घ्यावी मीच लिहिलं. आमच्यात पाणी घालून बसू देतात रे. माती आपली आपण बसते."

"आमच्यात ठोकतात," मी म्हणालो.

त्या रडतील असं वाटलं. त्या हसल्या. मग पुन्हा गंभीर झाल्या.

ठेकेदारालाही कळलंय. संध्याकाळी त्यानं मला त्याच्या गाडीत बसवून काच वर केली आणि समजावलं. समितीपुढे सांगायचं की रोपं खराब निघाली. रोपवाटिकेवाल्याचं नाव यादीतून कटेल, नवीन रोपं येतील, काम चालू राहील, सगळं झाकून जाईल. "एक म्हातारा," तो म्हणाला, "तसाही तो किती वर्षं करणार धंदा?"

मी काच खाली केली.

मामा, मला काय करायचं ते विचारायला मी लिहीत नाही. मला ठाऊक आहे. तू दारात उभा राहून मला जे बोलला होतास तेही ठाऊक आहे: दुसऱ्याच्या मानेवर पाय देऊन खरं बोलायला काय लागतं, तुझ्या मानेवर येऊ दे मग बघू. तर आलंय मानेवर. बघच.

तुझा भाचा


१४ ऑक्टोबर

मामा,

झालं बोलून.

कचेरीच्या सभागृहात दोनशे माणसं. पंखे फिरत होते आणि कोणालाच वारा लागत नव्हता. पुढे समितीचे तीन साहेब. मधल्याला आम्ही भिंगवाले साहेब म्हणतो, ते प्रत्येक कागद भिंगाखाली धरतात. गादीवाला आधी बोलला. चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. म्हणाला, धंदा निम्म्यावर आला, डास झाले, झाडं मेली, आणि वर आम्हालाच म्हणतात की हे तुमच्या भल्यासाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ठेकेदार उठला, रोपं खराब निघाली म्हणाला. रोपवाटिकेवाला म्हातारा मागच्या बाकावर होता. तो उठून उभा राहिला. नुसता हाताची बोटं हलवत होता. मला त्या बोटांकडे बघवेना.

मी उठलो. मला बोलायची परवानगी नव्हती, शिपाई आडवा आला. मी म्हणालो, "रोपं चांगली होती. मी ठोकली."

हशा झाला. भिंगवाले साहेब म्हणाले, "ठोकली म्हणजे?"

मी पिशवीतून तो मातीचा पापुद्रा काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. टेबलावर काच होती, ठक्‌ आवाज झाला. म्हणालो, "ही झाडाची माती आहे साहेब. आवाज ऐकलात ना?" सगळं सांगितलं. कागद, बसवणे, बेडूक, सगळं. बाई उठल्या, म्हणाल्या, "शब्द माझा होता." मी म्हणालो, "कान माझे होते." मग भिंगवाल्या साहेबांनी मला मधेच थांबवलं. विचारलं, "आणि रोपं खराब आहेत असं बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

मामा, आता नीट ऐक. मामी, हळू वाच.

हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी कोणी विचारला नव्हता. तेव्हा साहेबानं थर किती एवढंच विचारलं आणि मी तेवढंच सांगितलं. थर कमी घाल म्हणून तुला तिथल्या ठेकेदारानं गाडीजवळ बोलावून सांगितलं होतं, ते मी चार पावलांवरून ऐकलं होतं. ते मी बोललो नाही. कोणी विचारलं नाही म्हणून. मी त्या दिवशी निम्मंच खरं बोललो, आणि राहिलेलं निम्मं तुझ्यावर पडलं. तू कोणाचं नाव घेतलं नाहीस, कारण तू नावं घेणारा माणूस नाहीस. दोन बोटं मी आजही सांगेन. पण त्याच्या पुढचं वाक्यही सांगेन. ते सांगायला मला दोन वर्षं लागली.

तर मी ठेकेदाराकडे बोट केलं. "ह्यांनी. गाडीत. काच वर करून."

गोंधळ माजला. ठेकेदारानं मला तिथल्या तिथे कामावरून काढलं, सभागृहातच, माझं हजेरीपत्रक फाडून. गादीवाला टाळ्या वाजवत होता, त्याला वाटलं आपण जिंकलो. म्हणाला, "बघा, ह्यांनाच कबूल आहे. डांबर घाला परत."

तेव्हा मी बाकावर चढलो. मामी म्हणेल नसतं चढायचं. चढलो. म्हणालो, "चुकलं ते माझं काम, हा रस्ता नाही. माझ्या चुकीवर डांबर ओतू नका. मी भरलेले खड्डे मी मोकळे करतो. नाही जगली झाडं तर मग खुशाल ओता, बादली मी धरतो."

तीन साहेब आपापसांत कुजबुजले. वीस दिवस दिले. खोदायचं यंत्र वापरायचं नाही, कारण खड्ड्यांच्या बाजूनं वीतभर खाली जुनी पाण्याची लाइन जाते आणि ती फुटली तर अर्धं शहर कोरडं. हातानंच. बाईंनी मला बागखात्याच्या रोजंदारीवर घेतलं, वीस दिवसांपुरतं. लंबूनं ठेकेदाराला बेडकाची किल्ली परत दिली आणि माझ्याकडे आला. म्हातारा रोपवाटिकेवाला स्वतःची कुदळ घेऊन आला. बाई धरून चार माणसं, अठ्ठेचाळीस खड्डे. काल दिवसभरात झाले दीड. लंबूची पहार लाइनला घासली तेव्हा आम्ही चौघेही डोळे मिटून उभे होतो.

पहारीच्या आवाजावरून खाली दगड आहे, माती आहे की नळ आहे हे ओळखणारा एकच माणूस मला माहीत आहे. तो भिंतीकडे तोंड करून बसलाय.

मी ये म्हणत नाही. मी तुला काय म्हणणार? इथे काम आहे एवढं सांगतो. आणि इथे तुझं कोणी ऐकणार नाही असंही सांगतो, कारण ह्या रस्त्यावर बाईंचं चालतं.

तुझा भाचा


३ नोव्हेंबर

मामी,

हे पत्र तुला एकटीला. ज्याला वाचून दाखवायचं तो आता तिथे नाही, तेव्हा हवं तेवढं गाळ.

तो पोचला ते तुला फोनवर कळलंच, पण कसा पोचला ते त्यानं सांगितलं नसणार. अठरा तारखेला सकाळी बसमधून उतरला, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली पहार. बसवाल्याशी त्या पहारीवरून तीन तास भांडत आला होता, आवाज बसलेला. माझ्याकडे बघितलं नाही. अजून न उकरलेल्या एका खड्ड्यात वाकला, माती बोटांनी चुरून बघायला गेला, ती चुरेना. मग म्हणाला, "काम चोख केलंस रे. नको तिथे." बस्स. दोन वर्षांचं बोलणं एवढ्यात उरकलं.

बाईंशी पहिल्या दिवशीच वाजलं. त्या म्हणाल्या, माती अशी हवी की हात कोपरापर्यंत सहज जावा. तो म्हणाला, "मग झाड उभं कशावर राहील, तुमच्या भरवशावर?" बाई म्हणाल्या, "मुळांच्या भरवशावर." तो दोन दिवस तोंड फुगवून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून कोपरापर्यंत हात घालून दाखवला आणि म्हणाला, "बाई, हे बघा, माझा हात तुमच्यापेक्षा लांब आहे." तेव्हापासून दोघांचं जमलं. आता तो खड्डा पास करतो आणि त्या नुसती मान हलवतात.

पहार हलकेच टेकवायची, कान लावायचा, मग एक घाव. तो आल्यापासून लाइनला एकदाही लागली नाही. लंबू त्याच्यामागे फिरतो आणि त्याच्यासारखाच कान लावतो. त्याला काही ऐकू येत नाही, पण मान डोलावतो. म्हाताऱ्या रोपवाटिकेवाल्याचं आणि मामाचं दुपारचं भांडण ठरलेलं: कोणाची कंबर जास्त दुखते.

नऊ झाडं गेली. ती काढून म्हाताऱ्यानं आपल्याकडची नवीन दिली. बाकीच्यांतल्या निम्म्यांना टोकाला डोळे फुटलेत, बारीक, तांबडे. उरलेल्यांचं अजून काही सांगता येत नाही. खोटं कशाला लिहू.

काल समिती आली. भिंगवाल्या साहेबांनी बादलीभर पाणी मागवलं आणि आपल्या हातानं एका खड्ड्यात ओतलं. बाईंनी घड्याळ धरलं. मामी, पाणी खाली जाताना आवाज येतो, माहीत आहे? कोणीतरी तहानलेलं पितं तसा. पूर्वी हा आवाज आमच्या खड्ड्यांना नव्हता. दोन मिनिटांत तळ दिसला. त्यांनी आणखी चार ठिकाणी ओतलं. गादीवाला हाताची घडी घालून उभा. म्हणाला, "पाणी गेलं, कबूल. माझी गिऱ्हाइकं पण गेली, त्याचं काय?" त्याचं तेही खरं आहे. बाईंनी त्याच्या दुकानामागच्या गल्लीत माल चढवायला-उतरवायला जागा काढून द्यायचं कबूल केलं. तो म्हणाला, लेखी द्या. काचेवरचा फोटो त्यानं अजून काढलेला नाही.

रस्ता राहिला. येत्या उन्हाळ्यानंतर पुन्हा बघतील, पण राहिला. पुढच्या टप्प्याचं कामही सुरू होणार आणि त्याला ठेकेदार दुसरा.

निघताना भिंगवाले साहेब मामाजवळ थांबले. त्यांना वाटलं हाच इथला जुना जाणता. माझ्याकडे हात करून विचारलं, "पुढच्या टप्प्यावर ह्याला मुकादम घ्यावं असं बाईंचं म्हणणं आहे. तुम्ही ह्याचं काम बघितलंय. घ्यावं का?"

मी श्वास धरला. लंबूनंही धरला.

मामानं पहारीचं टोक पुसलं. सावकाश. म्हणाला, "घेऊ नका."

साहेब चमकले. "का?"

"खरं बोलतो," मामा म्हणाला. "पूर्वी विचारलं तर बोलायचा. आता न विचारता बोलतो. तुम्हाला झेपणार असेल तर घ्या."

साहेब हसायला लागले, बाई हसायला लागल्या. मामा हसला नाही. माझ्याकडे बघितलं मात्र, सरळ, आणि बघत राहिला, जोवर मीच मान वळवली नाही तोवर.

त्याचे दोन जाड शर्ट आणि गुडघ्याचं मलम पाठवून दे. पुढच्या टप्प्यात एकशे दहा खड्डे आहेत, आणि तो म्हणतो, माझ्या हातचा एकही तो स्वतः हात घालून बघितल्याशिवाय सोडणार नाही.

तुझा भाचा